मणी आणि माळ

(वैचारिक लेख)

प्रस्तावना

गाणे आवडत नाही असा माणूस विरळाच. काम करताना, प्रवासात, सणासमारंभात आपण गाणी ऐकतो. परंतु ती कशी ऐकतो, याचा विचार सहसा करीत नाही. एके काळी गाणे रेडिओवर ठरलेल्या वेळी लागत असे. तबकडीवरही ते ऐकता येत असे. पुढे ते कॅसेटवर आणि सीडीवर आले. आज ते इंटरनेटद्वारे मोबाईलवर हवे तेव्हा ऐकता येते. या सोयीला 'स्ट्रीमिंग' म्हणतात. साधन बदलले की ऐकण्याची रीतही बदलते.

अनेक गाणी विचारपूर्वक एकत्र आणून, ठरावीक क्रमाने लावलेला संच म्हणजे 'अल्बम'. आता प्रत्येक गाणे सुटे मिळू लागले आहे. अशा वेळी या संचाला काही अर्थ उरला आहे का? प्रस्तुत पाठात 'गीतरामायणा'च्या आधारे या प्रश्नाचा विचार केला आहे.

उद्दिष्टे

या पाठाच्या अभ्यासानंतर तुम्हांला –
• अल्बम ही कल्पना कशी निर्माण झाली, हे सांगता येईल;
• एखाद्या प्रश्नाच्या दोन्ही बाजू मांडता येतील;
• रचनेतील क्रम आणि अर्थ यांचा संबंध स्पष्ट करता येईल;
• परभाषेतून आलेले शब्द मराठीत कसे चालतात, हे ओळखता येईल.

मूळ पाठ

(१)

झाशी हे बुंदेलखंडातील मोठे शहर. अठराव्या शतकात पेशव्यांच्या कारभाराबरोबर अनेक मराठी घराणी येथे आली आणि येथलीच होऊन गेली. ज्या गणेश मंदिरात गंगाधरराव आणि राणी लक्ष्मीबाई यांचा विवाह झाला, ते मंदिर आजही या शहरात आहे. महाराष्ट्रापासून दूर राहणाऱ्या अशा कुटुंबांत बाहेर हिंदी आणि घरात मराठी, असा व्यवहार असतो. घरातील मराठी टिकवण्याचे काम पुष्कळदा गाणीच करतात.

अशाच एका घराची कल्पना करू. रामनवमी जवळ आली आहे. आजीच्या कपाटात गीतरामायणाच्या कॅसेटींचा संच जपून ठेवलेला आहे. पण टेपरेकॉर्डर बंद पडून बरीच वर्षे झाली. नातू म्हणतो, "आजी, कशाला खंत करतेस? सगळं मोबाईलवर आहे." तो नाव शोधतो, बटण दाबतो आणि गाणे सुरू होते. आजी डोळे मिटून ऐकू लागते. पहिले गाणे संपून दुसरे लागते, तशी तिच्या कपाळाला आठी पडते.

"अरे, आत्ता तर राम जन्माला आला. लगेच लंकेत कसा पोचला?"

नातू हसतो. "शफल चालू आहे आजी. गाणी मागं-पुढं लागतात. पण गाणी तीच आहेत ना?"

"गाणी तीच रे," आजी म्हणते, "पण रामायण कुठं गेलं?"

नातवाचे म्हणणे खोटे नाही. एकही गाणे गहाळ झालेले नाही. आजीचे म्हणणेही खोटे नाही. काहीतरी हरवले आहे. ते नेमके काय, हे समजण्यासाठी आधी अल्बमचा इतिहास पाहावा लागेल.

(२)

'अल्बम' हा मूळ लॅटिन शब्द. त्याचा संबंध 'पांढरा' या अर्थाच्या शब्दाशी आहे. प्राचीन रोममध्ये जाहीर सूचना लिहिण्याच्या पांढऱ्या फलकाला हे नाव होते. पुढे चित्रे, छायाचित्रे चिकटवण्याच्या वहीला लोक अल्बम म्हणू लागले.

संगीतात हा शब्द आला तो एका अडचणीमुळे. भारतात ध्वनिमुद्रणाचा आरंभ झाला त्या काळात, १९०२ मध्ये, कोलकात्यात गौहर जान यांचे गाणे मुद्रित झाले. त्यानंतर रूढ झालेली तबकडी मिनिटाला ७८ फेरे घेत असे आणि तिच्या एका बाजूवर साधारण तीन-साडेतीन मिनिटांचेच गाणे मावत असे. मैफलीत तासभर रंगणारा राग गायकाला तेवढ्यात बसवावा लागे. मोठी रचना असेल तर तिला अनेक तबकड्या लागत. या तबकड्या छायाचित्रांच्या वहीसारख्या बांधणीत एकत्र ठेवून विकल्या जात. म्हणून त्या संचालाही अल्बम हेच नाव मिळाले.

१९४८ मध्ये अमेरिकेतील कोलंबिया कंपनीने मिनिटाला ३३⅓ फेरे घेणारी तबकडी बाजारात आणली. तिच्या एका बाजूवर वीस मिनिटांहून अधिक संगीत मावू लागले. आता कोणते गाणे आधी, कोणते नंतर, बाजू पालटण्यापूर्वी शेवटचे कोणते, याचा विचार करण्यास वाव मिळाला. १९६३ मध्ये फिलिप्स कंपनीची कॅसेट आली. १९८० च्या दशकात कॅसेटने भारतात संगीत स्वस्त केले आणि गावोगावी पोहोचवले. कॅसेटवरील नको असलेले गाणे ओलांडणे किचकट असल्यामुळे ऐकणारा बहुधा क्रमानेच ऐके. १९८२ मध्ये सीडी आली आणि एका बटणाने पुढच्या गाण्यावर उडी मारता येऊ लागली.

खरा बदल त्यानंतर झाला. २००३ मध्ये ॲपल कंपनीने इंटरनेटवर एकेक गाणे सुटे विकण्यास आरंभ केला. २००८ मध्ये युरोपात सुरू झालेली स्पॉटिफाय ही सेवा २०१९ मध्ये भारतात आली. तोपर्यंत अशा देशी सेवाही येथे रुळल्या होत्या. आता गाणे विकत घेण्याचीही गरज उरली नाही. स्पॉटिफायवर एखादे गाणे किमान ३० सेकंद वाजले की ते 'ऐकले' असे मोजले जाते. मोजणी अशी सुट्या गाण्याची होऊ लागल्यावर, पहिल्या काही क्षणांतच ऐकणाऱ्याला धरून ठेवण्याकडे निर्मात्यांचा ओढा वाढणे स्वाभाविक आहे. सावकाश उलगडणाऱ्या रचनेला ही व्यवस्था अनुकूल नाही.

पाठगत प्रश्न १
योग्य पर्याय निवडा.
(अ) ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूवर साधारणपणे किती मिनिटांचे गाणे मावत असे?
(१) दहा (२) तीन-साडेतीन (३) वीस (४) साठ
(आ) एका बटणाने पुढच्या गाण्यावर जाण्याची सोय कोणत्या साधनामुळे मिळाली?
(१) रेडिओ (२) कॅसेट (३) सीडी (४) ७८ फेऱ्यांची तबकडी

(३)

येथे दुसरी बाजूही प्रामाणिकपणे पाहिली पाहिजे. प्रत्येक अल्बम ही एकसंध कलाकृती होती, असे म्हणता येणार नाही. दोन चांगली गाणी आणि बाकीची भरताड, असे कितीतरी संच विकले गेले. दोन गाण्यांसाठी ग्राहकाला साऱ्या संचाचे पैसे मोजावे लागत. आपल्याकडे तर चित्रपटगीतांचेच अल्बम अधिक. त्या गीतांना बांधणारा धागा चित्रपटाच्या कथेत असे. कॅसेटवरील क्रम पुष्कळदा विक्रेत्याच्या सोयीचा असे. अशी गाणी सुटी झाल्याने फारसे बिघडत नाही.

स्ट्रीमिंगमुळे झालेला लाभही मोठा आहे. जुन्या नाट्यपदांचे ध्वनिमुद्रण ऐकण्यासाठी पूर्वी एखाद्या संग्राहकाचा शोध घ्यावा लागे. आज झाशीत किंवा आणखी दूरच्या गावात राहणाऱ्यालाही त्यांतील कितीतरी पदे घरबसल्या ऐकता येतात. नव्या गायकालाही आपले गाणे लोकांपर्यंत नेण्यासाठी मोठ्या कंपनीच्या दारात ताटकळावे लागत नाही.

काही संच या दोहोंच्या मधले असतात. 'अभंग तुकयाचे' हा लता मंगेशकर यांनी गायिलेला आणि श्रीनिवास खळे यांनी स्वरबद्ध केलेला संच पाहा. तुकोबांचा प्रत्येक अभंग स्वतंत्र आणि पूर्ण असतो. तो एकटा ऐकला तरी अर्थ तुटत नाही. एकत्र ऐकले तर मनाची एक अवस्था अधिक वेळ टिकते. याउलट, १९९० च्या दशकाच्या अखेरीस गाजलेल्या 'गारवा' या मिलिंद इंगळे यांच्या अल्बममध्ये सौमित्र यांचे काव्यवाचन गाण्यांच्या जोडीला येते. ते ऐकणाऱ्याच्या मनाची तयारी करते. गाणे त्यापासून तोडले की तयारीविना समोर येते.

तेव्हा खरा प्रश्न असा : संचातील गाण्यांना जोडणारा धागा आतला आहे की बाहेरचा? धागा बाहेरचा असेल, तर तो तुटल्याचे दुःख नको. आतला असेल, तर तो तुटल्यावर अर्थाचीच हानी होते.

(४)

आतला धागा म्हणजे काय, हे गीतरामायणात स्पष्ट दिसते. आकाशवाणीच्या पुणे केंद्राचे अधिकारी सीताकांत लाड यांच्या पुढाकाराने ही मालिका सुरू झाली. गीते ग. दि. माडगूळकर यांची, संगीत सुधीर फडके यांचे. १ एप्रिल १९५५ या रामनवमीच्या दिवशी पहिले गीत प्रसारित झाले आणि पुढे दर आठवड्याला एक नवे गीत येत राहिले. वर्षाच्या ५२ आठवड्यांसाठी ५२ गीते, अशी मूळ योजना होती. परंतु त्या वर्षी अधिक मास आल्यामुळे पुढची रामनवमी लांबली आणि गीतांची संख्या ५६ झाली. माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे, मालती पांडे, राम फाटक यांच्यासारख्या अनेक गायक-गायिकांनी ती गायिली. पुढे सर्व गीते फडके यांच्या एकट्याच्या आवाजात ध्वनिमुद्रिकांवर निघाली. मग कॅसेटी आल्या, सीडी आल्या.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. गीतरामायण हे अल्बम म्हणून जन्मालाच आले नाही. ते रेडिओवर आठवड्याला एक, असे सुटेसुटेच आले होते. तरीही ते अखंड राहिले. कारण श्रोत्याला पुढच्या गीताची वाट पाहावी लागे, आणि वाट पाहताना मागचे गीत त्याच्या मनात राही. गीतांना अखंड ठेवणारी शक्ती तबकडीत नव्हती. ती रचनेत होती आणि श्रोत्याच्या धीरात होती.

या रचनेतील क्रमाचे महत्त्व दोन ठिकाणी विशेष जाणवते. पहिले ठिकाण चित्रकूट. झाशीप्रमाणेच चित्रकूटही बुंदेलखंडातच आहे. माणसाच्या जीवनातील परावलंबित्व सांगणारे, रामाने भरताला उद्देशून म्हटलेले गीत अतिशय प्रसिद्ध आहे. ते पुष्कळदा एकटेच ऐकले जाते आणि एकटे ऐकले तरी मनाला भिडते. पण त्याच्या मागे-पुढे काय आहे, ते पाहा. आधी भरत आपल्या आईचा कठोर शब्दांत धिक्कार करतो. मग सैन्यासह येणाऱ्या भरताला पाहून लक्ष्मणाचा गैरसमज होतो आणि तो क्रोधाने धनुष्य सज्ज करण्याची भाषा बोलतो. त्यानंतर रामाचे हे शांत बोल येतात. आणि त्यानंतर सर्वस्व गमावलेला भरत पादुका मागतो. दोन संतप्त गीतांनंतर आलेली ही शांतता आहे. एकटे ऐकले तर ते गीत तत्त्वज्ञान सांगते. क्रमाने ऐकले तर तो थोरला भाऊ असतो. राज्य, वडील आणि घर गमावल्यावरही तो धाकट्याचे सांत्वन करीत असतो. शब्द तेच, चाल तीच. पण दुसऱ्या ऐकण्यात तत्त्वज्ञानाची किंमत कोणी मोजली आहे, हे कळते.

दुसरे ठिकाण आरंभ आणि शेवट. पहिल्या गीतात कुश आणि लव रामासमोर रामकथा गातात. शेवटच्या गीतात वाल्मीकी त्या दोघा बाळांना रामायण गाण्याची आज्ञा देतात. म्हणजे जेथे गीतमाला संपते, तेथूनच ती सुरू झालेली असते. हे वर्तुळ पूर्ण झाल्याचा आनंद छप्पन गीते क्रमाने ऐकणाऱ्यालाच मिळतो. आजीने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर येथे आहे. यंत्राने मणी सारे दिले होते. माळेचा दोरा तेवढा काढून घेतला होता.

पाठगत प्रश्न २
एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) गीतरामायणातील गीतांची संख्या ५२ वरून ५६ का झाली?
(आ) गीतरामायणाच्या पहिल्या गीतात रामकथा कोण गातात?

(५)

क्रमाची ही जाण आपल्याकडे अल्बमपेक्षा कितीतरी जुनी आहे. वारकऱ्यांच्या भजनात आरंभी रूपाचे अभंग येतात आणि शेवटी पसायदान. कीर्तनात पूर्वरंगात निरूपण होते, उत्तररंगात आख्यान. मैफलीची सांगता भैरवीने होते. भैरवी आधी आणि बाकीचे नंतर, असे कोणी केले तर श्रोते गोंधळतील. ही सारी परंपरा तबकडीच्या आधीची आहे. म्हणून तबकडी गेल्याने ती जाण जाण्याचे कारण नाही.

इतरत्रही हाच अनुभव आहे. २०२१ मध्ये ब्रिटिश गायिका ॲडेल यांनी आपल्या '३०' या अल्बमच्या निमित्ताने असा आग्रह धरला, की अल्बम ऐकू लागताच गाण्यांचा क्रम आपोआप बदलू नये. स्पॉटिफायने सशुल्क ग्राहकांसाठी ही सूचना मान्य करून अल्बमच्या मुख्य बटणात बदल केला. २०२२ मध्ये अमेरिकेत सुमारे ४.१ कोटी तबकड्या विकल्या गेल्या, तर सीडी सुमारे ३.३ कोटी. सीडीपेक्षा तबकड्या अधिक खपण्याची वेळ तेथे १९८७ नंतर प्रथमच आली. संगीताच्या उत्पन्नाचा मोठा वाटा अर्थातच स्ट्रीमिंगचा होता. परंतु बसून, एक बाजू संपेपर्यंत ऐकावे, अशी इच्छा असणारे लोक अजून आहेत, हे यावरून दिसते.

म्हणजे अल्बमला आज महत्त्व आहे का, या प्रश्नाचे सरसकट उत्तर देता येत नाही. विक्रीचा संच म्हणून त्याची सद्दी संपली आहे आणि त्याबद्दल शोक करण्याचे कारण नाही. पण अनेक गीतांतून एक मोठी गोष्ट सांगण्याची रीत म्हणून त्याची गरज आहे तशीच आहे. फरक इतकाच, की पूर्वी क्रम राखण्याचे काम यंत्र करीत असे. आता ते श्रोत्याने करायचे आहे. ते अवघड नाही, पण त्याला थोडा वेळ आणि थोडा धीर लागतो.

झाशीच्या त्या घरात नातवाने शफल बंद केले. छप्पन गीते एका बैठकीत होणे शक्य नव्हते. तेव्हा आजीने ठरवले, की रोज संध्याकाळी दिवेलागणीनंतर चार-चार गीते ऐकायची. चित्रकूटाचा प्रसंग आला त्या संध्याकाळी नातू मोबाईल बाजूला ठेवून बसला होता. भरताने पादुका मागितल्या, तेव्हा त्याने विचारले, "आजी, मग राम परत गेला का गं?"

"ते उद्या," आजी म्हणाली.

शब्दार्थ

विरळा – क्वचित आढळणारा
गहाळ होणे – हरवणे
एकसंध – तुकडे नसलेले, सलग
भरताड – केवळ जागा भरण्यासाठी घातलेला माल
धिक्कार – तीव्र निषेध
परावलंबित्व – दुसऱ्यावर अवलंबून असणे
सांत्वन – दुःखितास धीर देणे
निरूपण – विषय उलगडून सांगणे
सांगता – समाप्ती
सद्दी – चलती, प्रभावाचा काळ

भाषेचा अभ्यास

१. अल्बम, कॅसेट, रेडिओ, मोबाईल हे शब्द परभाषेतून आले आहेत. मराठीत आल्यावर ते मराठीच्या नियमांनुसार चालतात. उदा. कॅसेट – कॅसेटी – कॅसेटींचा. अल्बम – अल्बमला – अल्बममध्ये. पाठातून असे आणखी तीन शब्द शोधा आणि त्यांची विभक्तिरूपे लिहा.

२. पुढील वाक्प्रचारांचा वाक्यांत उपयोग करा : कपाळाला आठी पडणे, खंत करणे, ताटकळत राहणे, मनाला भिडणे.

३. 'धागा बाहेरचा असेल, तर तो तुटल्याचे दुःख नको.' या वाक्यात 'तर' या शब्दाने अट दाखवली आहे. पाठातून अशी आणखी दोन वाक्ये निवडा.

तुम्ही काय शिकलात?

• अल्बमची कल्पना तबकडीच्या मर्यादेतून निर्माण झाली.
• सर्व अल्बम एकसंध नसतात. काहींतील गाणी सुटी ऐकली तरी चालतात.
• गीतरामायणासारख्या रचनेत क्रम हा अर्थाचाच भाग असतो.
• यंत्राने क्रम सोडला, तरी श्रोता तो राखू शकतो.

पाठान्त प्रश्न

१. "गाणी तीच रे, पण रामायण कुठं गेलं?" या आजीच्या उद्गाराचा आशय पाठाच्या आधारे स्पष्ट करा.
२. स्ट्रीमिंगमुळे झालेले लाभ आणि हानी प्रत्येकी दोन मुद्द्यांत लिहा.
३. चित्रकूटाच्या प्रसंगातील गीत एकटे ऐकणे आणि क्रमाने ऐकणे यांत लेखात कोणता फरक सांगितला आहे?
४. तुमच्या घरात किंवा गावात ठरावीक क्रमाने म्हटली जाणारी गाणी (ओव्या, भजने, मंगलाष्टके, आरत्या इ.) आठवा. त्यांतील क्रम बदलला तर काय बिघडेल, ते दहा-बारा ओळींत लिहा.

पाठगत प्रश्नांची उत्तरे

१. (अ) तीन-साडेतीन (आ) सीडी
२. (अ) त्या वर्षी अधिक मास आल्यामुळे पुढची रामनवमी लांबली, म्हणून गीतांची संख्या वाढली. (आ) पहिल्या गीतात कुश आणि लव रामकथा गातात.